एक त्रिकोण, बारा रेषा: १३-१४-१५ घेऊन शिरोलंब, मध्यगा, कोनदुभाजक आणि लंबदुभाजक

"कोणताही एक त्रिकोण काढा" म्हटलं की हात आपोआप ठरलेला त्रिकोण काढतो: पाया आडवा, टोक मधोमध, डावी-उजवी बाजू जवळपास सारखी. फळ्यावरही बहुधा तोच असतो. गोंधळ तिथंच सुरू होतो. अशा त्रिकोणात वरच्या टोकातून शिरोलंब काढा, मध्यगा काढा की कोनदुभाजक, पेन्सिल एकाच रेषेवर फिरते. मग एका रेषेला तीन नावं कशाला, हे मुलांना उमगत नाही आणि व्याख्या नुसत्या पाठ होतात.

त्यापेक्षा बाजू १३, १४ आणि १५ सेमी असलेला त्रिकोण घ्यावा. तिन्ही बाजू वेगळ्या असल्यामुळे चार जातींच्या तीन-तीन, अशा बाराच्या बारा रेषा वेगवेगळ्या पडतात. शिवाय उंची, क्षेत्रफळ, अंतर्वर्तुळाची (आतून तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या वर्तुळाची) त्रिज्या अशी बरीच मापं पूर्णांकात येतात, त्यामुळे आकृती जमली की नाही हे पट्टी लावून लगेच कळतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ.स. ११५०) त्रिकोणाचा लंब काढायला शिकवताना हाच त्रिकोण घेतला आहे: भूमी (पाया) १४, भुजा (उरलेल्या बाजू) १३ आणि १५. त्यांच्या कितीतरी आधी अलेक्झांड्रियाच्या हेरॉननेही हाच घेतला होता. या लेखात सगळं काम त्याच्यावरच करू. विशालकोनासाठी मात्र 'लीलावती'तलाच दुसरा त्रिकोण लागेल.

आधी त्रिकोण ओळखा

बाजूंवरून त्रिकोणाचे तीन प्रकार: समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरूनही तीन: लघुकोन, काटकोन, विशालकोन. प्रत्येक त्रिकोणाला दोन्ही याद्यांतून एकेक नाव मिळतं. तीन गुणिले तीन म्हणजे नऊ जोड्या व्हायला हव्यात, पण प्रत्यक्षात सातच होतात, कारण समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन ६०° चेच असतात. तो काटकोन किंवा विशालकोन होऊच शकत नाही. "समद्विभुज काटकोन त्रिकोण असतो का?" हा परीक्षेतला आवडता प्रश्न. असतो, आणि तो तुमच्या कंपासपेटीतच आहे: ४५° चा गुण्या.

हातात फक्त तीन मापं असतील तर कोनमापक न लावता प्रकार असा काढा.

१. सर्वांत मोठी बाजू वेगळी करा. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज तिच्याहून जास्त आहे का ते पाहा. नसेल तर त्रिकोण होतच नाही. ३, ६, ९ ही मापं घेऊन भास्कराचार्य याला 'अक्षेत्र' म्हणतात आणि पटत नसेल तर त्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा असं सांगतात. हिराच्या झाडूच्या तीन काड्या त्या मापाने तोडून मांडा. ३ आणि ६ च्या काड्या ९ च्या काडीवर आडव्या पडतात, टोक वर उचलतच नाही.

२. तिन्ही बाजूंचे वर्ग करा. मोठ्या बाजूचा वर्ग इतर दोघींच्या वर्गांच्या बेरजेएवढा असेल तर काटकोन, कमी असेल तर लघुकोन, जास्त असेल तर विशालकोन.

५-१२-१३ मध्ये २५ + १४४ = १६९, म्हणून काटकोन. १३-१४-१५ मध्ये १६९ + १९६ = ३६५ आणि १५ चा वर्ग २२५, म्हणून लघुकोन. ९-१०-१७ मध्ये ८१ + १०० = १८१ आणि १७ चा वर्ग २८९, म्हणून विशालकोन.

नजरेवर विसंबू नका. ६-७-९ चा त्रिकोण काढला तर तो काटकोनच वाटतो. पण ३६ + ४९ = ८५ आणि ९ चा वर्ग ८१; म्हणजे मोठा कोन ८७° च्या आसपास आहे आणि त्रिकोण लघुकोन आहे.

साहित्य, आणि ते तपासण्याची रीत

एक ए-४ कोरा कागद, १५ सेमीची पट्टी, दोन्ही गुण्ये, कंपास, टोक केलेली एच किंवा २एच पेन्सिल. एचबी पेन्सिलची रेष जाड येते, आणि बारा रेषा एकमेकींजवळून जाणार असल्या की ती जाडी नडते. कागदाखाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवा, म्हणजे कंपासची सुई रुतते, घसरत नाही.

कंपासने एक पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळला नाही तर स्क्रू सैल आहे. कंपास मिटवला की सुईचं टोक आणि पेन्सिलचं टोक एका पातळीवर यायला हवं.

गुण्या तपासायची रीत फारशी कुणी सांगत नाही. पट्टीला टेकवून एक उभी रेष काढा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा काढा. दोन्ही रेषा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. कोपरा झिजलेल्या प्लॅस्टिकच्या गुण्याने १२ सेमी उंचीला एका अंशाचा कल आला तर टोक २ मिमी सरकतं.

पट्टीचा शून्य बरेचदा कडेपासून थोडा आत असतो. माप कडेपासून नको, शून्याच्या खुणेपासून घ्या.

त्रिकोण उभा करणं

नेहमीची रीत म्हणजे पाया बक १४ काढून ब वरून १३ चा आणि क वरून १५ चा कंस मारायचा. कंपासपेटीतला लहान कंपास १५ सेमी फाकवला की त्याचे पाय इतके आडवे होतात की सुई सटकते. म्हणून उलट बाजूने जाऊ.

कागद आडवा धरा. खालच्या कडेपासून ८ सेमी वर आणि डाव्या कडेपासून ८ सेमी आत ब हा बिंदू घ्या. पट्टीने आडवी रेषा काढून १४ सेमीवर क घ्या. खाली ८ सेमी जागा सोडली ती लंबदुभाजकाच्या कंसांसाठी आणि परिवर्तुळासाठी (तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळासाठी). ती सोडली नाही तर पुढे वर्तुळ कागदाबाहेर जातं.

ब पासून ५ सेमीवर पायावर ल ही खूण करा. तिथून गुण्याने १२ सेमी उंच लंब काढा. वरचं टोक म्हणजे अ. आता अब आणि अक जोडा आणि मोजा: १३ आणि १५ यायलाच हवेत. एक मिमीपर्यंतचा फरक चालेल, दोन मिमी आला तर पुसून पुन्हा काढा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

५ आणि १२ कुठून आले? 'लीलावती'तली रीत अशी. लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे पडतात त्यांना आबाधा म्हणतात. दोन भुजांची बेरीज गुणिले वजाबाकी, भागिले भूमी: २८ × २ ÷ १४ = ४. हे ४ भूमीत मिळवून निम्मे केले की मोठी आबाधा ९, वजा करून निम्मे केले की लहान आबाधा ५. मग १३ चा वर्ग वजा ५ चा वर्ग = १४४, म्हणून लंब १२. म्हणजे हा त्रिकोण ५-१२-१३ आणि ९-१२-१५ असे दोन काटकोन त्रिकोण १२ च्या बाजूला चिकटवून झालेला आहे. क्षेत्रफळ १४ × १२ ÷ २ = ८४ चौसेमी.

एका टोकातून तीन रेषा

आता अ मधून पायावर तीन रेषा उतरवा. इथं घाई करू नका, साऱ्या लेखाचा जीव इथं आहे.

शिरोलंब आधीच काढला आहे. तो अ मधून निघतो, पायाशी काटकोन करतो आणि ब पासून ५ सेमीवर पडतो.

मध्यगा अ ला पायाच्या मध्यबिंदूशी जोडते, म्हणजे ब पासून ७ सेमीवर. लांबी सुमारे १२.२ सेमी.

कोनदुभाजक कोन अ चे दोन सारखे भाग करतो. अ वर सुई ठेवून ७ सेमीचा कंस मारा. तो दोन्ही बाजूंना जिथं छेदतो त्या दोन बिंदूंवरून तेवढ्याच त्रिज्येचे दोन कंस मारा. ते जिथं भेटतात तो बिंदू अ शी जोडून रेषा पायापर्यंत न्या. पहिला कंस २ सेमीचाच घेणं ही हमखास होणारी चूक. दोन सेमीवर अर्धा मिमी चुकलं तर ती चूक १२ सेमीवर ३ मिमी होते. मापाने तपासा: कोनदुभाजक समोरच्या बाजूचे तुकडे लगतच्या बाजूंच्या प्रमाणात करतो, १३ ला १५. चौदाचे असे तुकडे म्हणजे ६.५ आणि ७.५. तर हा ब पासून ६.५ सेमीवर पडायला हवा.

पाच, साडेसहा, सात. तीन रेषा, तीन ठिकाणं. कोनदुभाजक नेहमी शिरोलंब आणि मध्यगा यांच्या मध्ये असतो. तुमच्या आकृतीत तसा नसेल तर काहीतरी चुकलंय. तो मध्यगेच्या इतका जवळ (अर्धा सेमी) पडतो म्हणूनच साध्या आकृतीत दोघांची गल्लत होते. "कोन निम्मा झाला म्हणजे समोरची बाजूही निम्मी झाली" हा समज इथं पट्टी लावून खोडता येतो.

चौथी रेषा लंबदुभाजक, आणि ती वेगळ्या जातीची आहे: तिला शिरोबिंदूशी काही देणंघेणं नाही. ती बाजूच्या मध्यातून निघते आणि बाजूला काटकोनात असते, एवढंच. पायाचा लंबदुभाजक ब पासून ७ सेमीवरून सरळ वर जातो, अ ला न भेटता बाजू अक ला पायापासून सुमारे ९.३ सेमी उंचीवर छेदून बाहेर पडतो. लंबदुभाजक ओढूनताणून शिरोबिंदूतून नेणं ही या धड्यातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. रेषा मध्यातूनही हवी, काटकोनातही हवी आणि टोकातूनही हवी असा आग्रह धरला की ती हमखास तिरपी होते.

आता उरलेल्या रेषा, आणि चार संपातबिंदू

प्रत्येक जातीच्या तीन रेषा एकाच बिंदूतून जातात, तो त्यांचा संपातबिंदू. बारा रेषा एकाच कागदावर काढायच्या तर प्रत्येक जातीला वेगळा रंग घ्या, किंवा त्रिकोणाच्या चार प्रती काढून एकेका प्रतीवर एकेक जात काढा. पहिल्यांदा करताना चार प्रतीच बऱ्या.

मध्यगा सर्वांत सोप्या, कंपास लागत नाही. बाजू अब वर ६.५, बाजू अक वर ७.५ आणि पायावर ७ सेमीवर खुणा करून समोरच्या टोकांशी जोडा. तिघी पायापासून बरोबर ४ सेमी उंचीवर भेटतात. हा मध्यगासंपात. प्रत्येक मध्यगेचे टोकाकडून २ : १ असे भाग होतात: अ कडून आलेली १२.२ ची मध्यगा ८.१ आणि ४.१ मध्ये तुटते. सहा लहान त्रिकोण होतात. ते एकरूप मुळीच नसतात, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ १४ चौसेमी असतं. त्रिकोण जाड पुठ्ठ्यावर कापून या बिंदूखाली टाचणीचं डोकं धरलं तर पुठ्ठा तोलून राहतो. तोलत नसेल तर बिंदूवर शंका घेण्याआधी पुठ्ठा सपाट आहे ना ते पाहा. किंचित वाकलेला असला तरी तो डुलतो.

शिरोलंबांसाठी ब मधून अक वर आणि क मधून अब वर लंब टाका. गुण्याची एक काटकोनाची कड बाजूवर घट्ट बसवा आणि दुसरी कड टोकाला लागेपर्यंत गुण्या सरकवा. खाली पट्टी टेकवली तर तो बाजूवरून हलत नाही. ब चा लंब अक ला क पासून ८.४ सेमीवर भेटायला हवा, क चा लंब अब ला ब पासून ५.४ सेमीवर. लांब्या अनुक्रमे ११.२ आणि १२.९ सेमी. तपासणीचा आणखी एक मार्ग म्हणजे बाजू × तिच्यावरचा लंब: १४ × १२, १५ × ११.२, १३ × १२.९२, तिन्ही वेळा १६८ च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाची दुप्पट. तिन्ही लंब पायापासून ३.७५ सेमी उंचीवर, पहिल्या शिरोलंबावरच भेटतात. हा शिरोलंबसंपात.

कोनदुभाजक ब आणि क मधूनही तसेच काढा. भेट होते ती ब कडून आडवे ६ आणि पायापासून ४ सेमीवर. हा अंतर्मध्य, इथून तिन्ही बाजू सारख्या अंतरावर, आणि ते अंतर म्हणजे अंतर्वर्तुळाची त्रिज्या ४ सेमी. (क्षेत्रफळ ८४ भागिले अर्धपरिमिती २१.) वर्तुळ काढताना एक सापळा आहे. बरेच जण अंतर्मध्यावर सुई ठेवून, अ चा कोनदुभाजक पायाला जिथं मिळतो त्या ६.५ च्या खुणेवर पेन्सिल ठेवतात. वर्तुळ पायाला स्पर्श करतं ते ६ वर, ६.५ वर नाही. त्या खुणेवरून काढलेलं वर्तुळ पायाखाली थोडंसं डोकावतं, आणि "कंपास हलला" असं समजून सोडून दिलं जातं. अंतर्मध्यातून पायावर लंब टाका आणि त्याची लांबी त्रिज्या घ्या. स्पर्शबिंदू बाजूंचे तुकडे ६ + ८, ६ + ७, ७ + ८ असे पाडतात. तिन्ही बाजूंवर मोजून पाहा.

लंबदुभाजकांसाठी कंपास ९.५ सेमी फाकवा आणि तिन्ही बाजूंना तेवढाच ठेवा. बाजूच्या दोन्ही टोकांवरून वर-खाली कंस मारून छेदनबिंदू जोडा. "निम्म्याहून जास्त" एवढंच सांगून पुस्तकं थांबतात, पण १४ च्या बाजूला ७.२ सेमी घेतले तर कंस एकमेकांना जेमतेम चाटून जातात आणि नेमका बिंदू कुठला ते ठरवता येत नाही. बाजूच्या दोनतृतीयांश ते पाऊण भाग घेतला की कंस जवळपास काटकोनात छेदतात. तिन्ही लंबदुभाजक पायापासून सुमारे ४.१ सेमी उंचीवर भेटतात. हा परिमध्य. इथून अ, ब, क तिन्ही ८.१ सेमीवर (नेमकं ८.१२५), तेवढ्या त्रिज्येचं परिवर्तुळ तिन्ही टोकांतून जातं.

तीन रेषा एका बिंदूत न भेटता मध्ये चिमुकला त्रिकोण राहिला तर? त्याची बाजू एक मिमीच्या आत असेल तर पेन्सिलच्या जाडीचा दोष समजा आणि मधला बिंदू घ्या. जास्त असेल तर तिन्ही रेषा खोडू नका. वर दिलेल्या मापांशी एकेक रेष ताडून पाहा, बहुधा एकच चुकलेली निघते. तिसरी रेष "आधीच्या दोन भेटल्या तिथून" ओढायचा मोह आवरा. ती तपासणीची रेष आहे, ती फुकट घालवू नये.

चारही बिंदू जवळजवळ का?

चारही बिंदू एका कागदावर आणले की ते दोनेक सेमीच्या आत गोळा झालेले दिसतात. शिरोलंबसंपात ब पासून आडवा ५ सेमी, अंतर्मध्य ६, मध्यगासंपात ६.३, परिमध्य ७. शिरोलंबसंपात आणि परिमध्य पट्टीने जोडा: मध्यगासंपात त्या रेषेवर येतो आणि ती २ : १ मध्ये तोडतो, सुमारे १३.६ मिमी आणि ६.८ मिमी. ही ऑयलर रेषा. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने ती दाखवली. अंतर्मध्य मात्र या रेषेवर नाही, थोडा बाजूला राहतो. तो ऑयलर रेषेवर येतो तो त्रिकोण समद्विभुज असला तरच.

अंतर्मध्य आणि मध्यगासंपात दोघेही ४ सेमी उंचीवरच कसे, असा प्रश्न पडायला हवा. कारण पाया १४ हा १३ आणि १५ चा मध्य आहे. बाजू अशा सारख्या फरकाने वाढत गेल्या की हे दोन बिंदू मधल्या बाजूला समांतर रेषेवर येतात.

नवबिंदू वर्तुळ (तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू आणि तिन्ही शिरोलंबांचे पाय यांतून जाणारं वर्तुळ) शिकवायचं असेल तर मात्र हा त्रिकोण घेऊ नका. त्याची त्रिज्या ४.०६ सेमी येते आणि मध्य अंतर्मध्यापासून जेमतेम अर्धा मिमी दूर. कार्ल फॉयरबाखने १८२२ मध्ये दाखवलं की नवबिंदू वर्तुळ आणि अंतर्वर्तुळ एकमेकांना आतून स्पर्श करतात. इथं ती पेन्सिलीने एकच दिसतात.

विशालकोन: इथं खरी परीक्षा

'लीलावती'तला दुसरा त्रिकोण: भूमी बक ९, भुजा अब १० आणि अक १७. तीच रीत लावा. २७ × ७ ÷ ९ = २१. भूमी ९ मधून २१ वजा जात नाहीत, तर वजाबाकी उणे १२, निम्मे उणे ६. दुसरी आबाधा (९ + २१) ÷ २ = १५. उणे ६ म्हणजे लंबाचा पाया भूमीवर नसून ब च्या पलीकडे ६ वर आहे, उलट दिशेला, असं भास्कराचार्य सांगतात. १०० − ३६ = ६४, म्हणून लंब ८. क्षेत्रफळ ३६.

पूर्ण मापात काढला तर शिरोलंबसंपात आणि परिवर्तुळ दोन्ही एका ए-४ वर मावत नाहीत, म्हणून निम्मं माप घ्या: ४.५, ५, ८.५ सेमी. पाया ४.५ चा काढा आणि ब च्या डावीकडे तुटक रेषेने किमान ५ सेमी वाढवा. ब पासून ३ सेमी डावीकडे खूण, तिथून ४ सेमी उंच अ.

नवख्यांची अडचण अशी की शिरोलंब बाजूच्या आतच पडायला हवा असं त्यांना वाटतं. म्हणून ते अ मधून पायावर कुठेतरी तिरपी रेष टेकवतात आणि तिला काटकोनाची खूण देतात. पाया वाढवण्याची मुभा आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. इथं दोन शिरोलंब बाहेर पडतात: अ चा (४ सेमी) आणि क चा (३.६ सेमी; त्यासाठी बाजू अब ब च्या पलीकडे वाढवावी लागते). विशालकोनाच्या टोकाचा, म्हणजे ब चा, तेवढा आत पडतो, २.१ सेमी. तिघे भेटतात पायाच्या खाली ५.६ सेमीवर, अ च्या लंबाच्या रेषेतच. परिमध्य दुसऱ्या दिशेला, पायाच्या वर ४.८ सेमीवर, बाजू अक च्या पलीकडे. मध्यगासंपात आणि अंतर्मध्य मात्र आतच राहतात, ते कुठल्याही त्रिकोणात बाहेर पडत नाहीत.

"तीन वाड्यांपासून सारख्या अंतरावर विहीर कुठे खणाल?" या गणिताचं उत्तर परिमध्य. गणित म्हणून ठीक, पण वाड्या अशा विशालकोनात असल्या तर ते उत्तर व्यवहारात टिकत नाही. या आकृतीत परिमध्य तिन्ही टोकांपासून ५.३ सेमीवर आहे, तर सर्वांत लांब बाजूचा मध्यबिंदू दोन टोकांपासून ४.२५ वर आणि तिसऱ्यापासून त्याहूनही कमी. सारखं अंतर आणि कमी अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काटकोन आणि समद्विभुज, थोडक्यात

काटकोन त्रिकोणात दोन शिरोलंब म्हणजे बाजूच असतात, त्यामुळे शिरोलंबसंपात काटकोनाच्या टोकावर. परिमध्य कर्णाच्या मध्यावर, म्हणून कर्णावरची मध्यगा कर्णाच्या निम्मी. ५-१२-१३ मध्ये ती ६.५; अंतर्त्रिज्या (५ + १२ − १३) ÷ २ = २.

समद्विभुज त्रिकोणात फक्त दोन सारख्या बाजूंच्या टोकातल्या रेषा एकवटतात, बाकी दोन टोकांतल्या नाहीत. हे "फक्त" लोक विसरतात. १३-१३-१० चा काढा: मधला लंब १२, त्यावर पायापासून शिरोलंबसंपात २.१, अंतर्मध्य ३.३, मध्यगासंपात ४, परिमध्य ५ सेमी. एका रेषेवर, पण चार वेगळे बिंदू. चौघे एक होतात ते समभुज त्रिकोणातच, आणि तिथं परित्रिज्या अंतर्त्रिज्येच्या बरोबर दुप्पट असते.

जमिनीवर

त्रिकोणी तुकड्याच्या कडा टेपने मोजल्या, १३०, १४० आणि १५० फूट आल्या असं समजा. क्षेत्रफळासाठी लंब हवा, कड नव्हे. १४० पाया धरून आणि १३० लाच उंची समजून हिशेब केला तर ९१०० चौरस फूट येतात. खरा लंब १२० फूट आणि क्षेत्रफळ ८४००. सातशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जास्त, नुसते तिरप्या बाजूला उंची म्हटल्यामुळे वाढले. १०८९ चौरस फुटांचा गुंठा धरला तर हा तुकडा ७.७ गुंठे भरतो. त्या मानाने मोजणीतली चूक फार जड जात नाही: १५० ची कड १४८ मोजली गेली तर क्षेत्रफळ ६४ चौरस फुटांनीच कमी येतं.

लंब जमिनीवर प्रत्यक्ष आखायचा असेल तर पाया म्हणून सर्वांत लांब कड घ्या. ९०-१००-१७० फुटांच्या तुकड्यात ९० चा पाया घेतला तर लंब ६० फूट बाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या रानात जाऊन पडेल. १७० चा घेतला की लंब आत पडतो, सुमारे ४२ फूट ४ इंच, आणि क्षेत्रफळ तेच ३६०० चौरस फूट. लंबाची जागा आबाधेच्या रीतीने आधी काढून घ्या: १९० × १० ÷ १७० = ११.२, म्हणून ९० च्या कडेच्या टोकापासून ७९.४ फुटांवर खुंटी ठोका आणि टेप तिथून समोरच्या कोपऱ्याकडे ताणा. तो आकडा ४२.४ च्या जवळपास आला नाही तर तीनपैकी एक कड पुन्हा मोजावी लागेल.